महिला मंडळ वर्षभर कसं चालवावं: चैत्रापासून फाल्गुनापर्यंतची आखणी

गावात किंवा कॉलनीत महिला मंडळ निघतं ते बहुतेक वेळा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. त्या संध्याकाळी उत्साह ओसंडून वाहत असतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तिथल्या तिथे तयार होतो. जून उजाडेपर्यंत त्यावर 'शुभ सकाळ' तेवढं उरतं. बायकांना आवड नसते म्हणून असं होतं असं मला वाटत नाही. घरच्या कामांचं वर्ष कसं असतं ते न बघता कार्यक्रम ठरतात, आणि ठरलेलं सगळं दोघी-तिघींच्या अंगावर पडतं. त्या दमल्या की मंडळ थंडावतं. म्हणून कामाची वाटणी आणि तारखांची निवड या दोन गोष्टींवर मी या लेखात सगळ्यात जास्त भर दिला आहे. मंडळाचं सचिवपद सांभाळताना जे उपयोगी पडलं, ते क्रमाने सांगते.

आधी घरोघरी जा

मंडळ नवीन असो वा थंडावलेलं, सुरुवात घरोघरी जाऊन करा. दोघींनी मिळून जायचं, हातात वही-पेन घ्यायचं. 'मंडळात याल का?' असं विचारू नका. या प्रश्नाला 'हो हो, नक्की' एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा. कोणत्या वारी, किती वाजता घराबाहेर पडता येतं? घरी कोणाचं करावं लागतं: तान्हं बाळ, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, संध्याकाळचे डबे? आणि तुम्हाला काय येतं, जे चार जणींना शिकवता येईल?

तिसऱ्या प्रश्नावर आधी सगळ्या 'मला कुठे काय येतं' म्हणतात. जरा थांबलं की कळतं, कोणी पैठणीवरचा डाग घरच्या घरी काढते, कोणी बँकेत वीस वर्षं काढलेली आहे, कोणाला जुन्या ओव्या पाठ आहेत. हे सगळं लिहून घ्या. वर्षभराचे निम्मे कार्यक्रम या पानांतून निघतात आणि त्यांना मानधन लागत नाही.

वेळेचा प्रश्न खरा अवघड आहे. घरी असणाऱ्या दुपारी तीन ते पाच मोकळ्या असतात, नोकरीवाल्या तेव्हा ऑफिसात. दुसरा शनिवार मला सोयीचा वाटतो. बँका बंद असतात, राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे. दर महिन्याचा दुसरा शनिवार, दुपारी चार ते साडेपाच, हे एकदा ठरलं की बदलू नका. तारीख दर वेळी विचारून ठरवायला लागलं की उपस्थिती घटते. दुकानं सांभाळणाऱ्या आणि शनिवारी सुट्टी नसणाऱ्यांसाठी वर्षातून तीन-चार बैठका रविवारी सकाळी ठेवा.

कॉलनीत पोळ्या करायला, धुणीभांडी करायला येणाऱ्या बायकांकडेही त्याच वहीने जा. त्यांची वर्गणी हप्त्याने घ्या, पण सभासदत्व तेच आणि सतरंजीही तीच. पहिल्या बैठकीला हे पाळलं गेलं तर पुढे कोणाला वेगळं सांगावं लागत नाही.

नियमित येणाऱ्या बारा-पंधरा जणी मिळाल्या तरी मंडळ सुरू होतं. साठ नावांच्या यादीपेक्षा मी त्यांच्यावर विसंबेन.

सात जणींची कार्यकारिणी

अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि चार सदस्य. एवढं पुरे. पदाची मुदत दोन वर्षं, आणि त्याच पदावर लगेच पुन्हा नाही. अध्यक्ष आणि खजिनदार एकाच घरातल्या नकोत, जावाजावा असल्या तरी. सासू-सून दोघी मंडळात असतील तर फार छान, पण एका समितीत दोघींना घालू नका. सासूबाईंच्या समोर सून मोकळेपणी मत देत नाही, आणि तिचं मत ऐकायची गरज मंडळाला असते.

प्रत्येक कार्यक्रमासाठी एक जोडी नेमा: एक जुनी, एक नवीन. ठरलेल्या खर्चाच्या आत काय करायचं ते त्या जोडीने ठरवायचं. गजरे मोगऱ्याचे की शेवंतीचे, हे अध्यक्षांनी विचारू नये. वर्षात दहा कार्यक्रम झाले तर वीस जणींच्या हातून काम जातं, आणि दोन वर्षांनी पदं घ्यायला माणसं तयार असतात.

नोंदणी लगेच करायची घाई नको. पहिलं वर्ष नीट गेलं, बाहेरून देणग्या किंवा सरकारी योजना घ्यायच्या असं ठरलं, तर करा. संस्था नोंदणी कायदा १८६० प्रमाणे किमान सात सभासद लागतात, आणि अशा संस्थेची महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात नोंद होते. नोंदणी झाली की जबाबदारीही येते. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो, आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. हा अर्ज राहून जातो आणि काही वर्षांनी कागदोपत्री जुनीच मंडळी पदावर दिसतात. मग बँकेपासून सगळीकडे अडतं. नोंदणी करणार असाल तर हे काम सचिवांच्या नावावर पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

दोन वह्या

एक इतिवृत्ताची, एक हिशेबाची. दोन्ही पुठ्ठ्याच्या जाड वह्या घ्या, पानांना आकडे घाला. मोबाइलवर लिहिलेलं फोनबरोबर जातं.

इतिवृत्त लिहायचं म्हणजे भाषणाचा सारांश द्यायचा नाही. काय ठरलं, कोण करणार, किती खर्चात, कधीपर्यंत, एवढंच. नमुना देते:

'शनिवार, १३ जून. दुपारी ४. उपस्थिती २३. ठराव ३: मंगळागौरीचे खेळ शनिवार २२ ऑगस्टला दुपारी ३ वाजता शाळेच्या हॉलमध्ये घ्यावेत. खर्च २,५०० रुपयांपर्यंत. जबाबदारी' आणि पुढे दोन नावं. मग सूचक, अनुमोदक, 'सर्वानुमते मंजूर', आणि अध्यक्ष-सचिवांच्या सह्या.

पुढच्या बैठकीची सुरुवात हे पान मोठ्याने वाचून करा. दोन मिनिटं लागतात. 'असं ठरलंच नव्हतं' हे वाक्य मंडळातून हद्दपार होतं.

हिशेबाच्या वहीत डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. खजिनदारांच्या हातात रोख हजार रुपयांपेक्षा जास्त नको, बाकी बँकेत. खातं मंडळाच्या नावाचं आणि दोघींच्या सह्यांचं असावं. त्यासाठी काय कागद लागतात ते बँकेगणिक बदलतं, तेव्हा आधी विचारून या. खजिनदारांच्या स्वतःच्या यूपीआयवर वर्गणी घेणं सुरुवातीला सोपं वाटतं, पण त्यात घरचा भाजीपाला आणि मंडळाचे पैसे एका खात्यात मिसळतात आणि प्रामाणिक बाईवर संशय येतो. तिला त्या जागी बसवूच नका. फुलवाल्याकडे पावती मिळत नाही, तिथे साध्या कागदावर रक्कम लिहून आणलेल्या दोघींनी सही करायची. महिनाअखेरची शिल्लक दर बैठकीत वाचून दाखवायची, कोणी विचारो न विचारो.

वर्गणी आणि अंदाजपत्रक

समजा साठ सभासद आहेत आणि वर्षाची वर्गणी ६०० रुपये. जमा ३६,००० रुपये. वाटणी साधारण अशी करता येईल: जागेचं भाडं ६,०००, वर्षभराचा चहा-खाऊ ९,०००, संक्रांतीचा समारंभ ६,०००, मंगळागौर आणि भोंडला मिळून ५,०००, पाहुण्यांचं मानधन आणि प्रवास ४,०००, वह्या-छपाई १,५००, आणि राखीव ४,५००. राखीव रकमेला वर्षभर हात लावायचा नाही. कोणा सभासदाच्या घरी अचानक दवाखाना निघाला, तर ती उपयोगी येते.

वर्गणी एप्रिलमध्ये निम्मी आणि ऑक्टोबरमध्ये निम्मी घ्या. जूनमध्ये मागू नका. तेव्हा शाळेची फी, वह्या-पुस्तकं, रेनकोट सगळं एकदम आलेलं असतं.

भिशीबद्दल माझं मत ठाम आहे. ज्यांना भिशी लावायची त्यांनी आपापसांत लावावी, मंडळाच्या नावाने आणि मंडळाच्या खात्यातून नको. एकीने नंबर लागल्यावर पुढचे हप्ते थांबवले की भांडण मंडळाच्या दारात येतं. शिवाय चिट फंडाला १९८२ चा स्वतंत्र कायदा आहे. बचत आणि कर्ज हाच हेतू असेल तर बचत गट काढा. दहा ते वीस जणी, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि लेखे: तिथली शिस्त वेगळी. ग्रामीण भागात 'उमेद'कडून, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाकडून, त्याला मार्गदर्शन मिळतं.

आधी तारखा खोडा, मग भरा

मार्चअखेर कार्यकारिणीने भिंतीवरची दिनदर्शिका काढून सतरंजीवर पसरावी आणि लाल पेनाने आधी नको त्या तारखा खोडाव्यात. गणपती-गौरींच्या आधीचा आठवडा आणि विसर्जनापर्यंतचे दिवस. दिवाळीआधीचे पंधरा दिवस. मार्गशीर्षातले गुरुवार. दहावी-बारावीच्या परीक्षा. मेमधला माहेरी जायचा पंधरवडा. गावात जत्रा असेल तर तो आठवडा. खेडेगावात मंडळ असेल तर पेरणी, भांगलण आणि सुगीचे दिवसही. खोडून जे उरतं तेच मंडळाचं.

अधिक महिना बघायला विसरू नका. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळे वटपौर्णिमेपासून पुढचं सगळं आदल्या वर्षीपेक्षा अडीच-तीन आठवडे उशिरा सरकलं आहे: गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, घटस्थापना ११ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. मागच्या वर्षीच्या तारखा डोळे झाकून उतरवल्या, तर हॉल भलत्याच दिवशी आरक्षित होतो.

चैत्र ते ज्येष्ठ

चैत्रगौरीचं हळदीकुंकू हा वर्षाचा सगळ्यात सोपा कार्यक्रम. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर सवड असते. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. डाळ सकाळी भिजवून दुपारी वाटली तरच चवीला राहते, आणि उन्हाळ्यात ती चार तासांच्या वर ठेवू नये. म्हणून चार घरांत थोडी थोडी करायला द्या.

एप्रिल हा वाळवणांचाही महिना. एका गच्चीवर आठ-दहा जणी जमून कुरडयांचा चीक शिजवतात तेव्हा ती बैठकच असते, तिला वेगळा कार्यक्रम जोडू नका. मेमध्ये बैठक सोडून द्या.

वटपौर्णिमेला फांद्या विकत आणण्याऐवजी वडाचं एक रोप लावा, पण ते लावायची जागा आणि पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार, हे आधी ठरवून.

आषाढ: बिनमुहूर्ताचा महिना

आषाढात लग्नंमुंजी नसतात, घरं त्यातल्या त्यात निवांत असतात. गंभीर विषय याच महिन्यात घ्या. मी आरोग्याला पहिली पसंती देते. गावात आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, शहरात महापालिकेचा दवाखाना. तिथे महिनाभर आधी पत्र द्या. हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर एवढी तपासणी झाली तरी खूप. निकाल प्रत्येकीला बंद पाकिटात द्यायचा, सगळ्यांसमोर आकडे वाचायचे नाहीत.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना बोलावलंत तर प्रश्न विचारायला कोणी उठत नाही. त्यावर एक उपाय नेमका लागू पडतो. बसलेल्या प्रत्येकीला एकसारखी चिठ्ठी आणि पेन्सिल द्या. प्रश्न असेल तर लिहा, नसेल तर कोरी घडी घाला, पण स्टीलच्या डब्यात चिठ्ठी प्रत्येकीने टाकायचीच. मग कोणी लिहिलं ते कोणालाच कळत नाही. अंगावरून जास्त जाणं, लघवी न थांबणं, पाळी जाताना होणारी चिडचिड, वर्षानुवर्षं कोणाशी न बोललेलं सगळं त्या डब्यातून बाहेर येतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची चिठ्ठी डॉक्टरबाईंच्या मदतनीसाने बाजूला बसून लिहावी, शेजारणीने नको.

पुढच्या वर्षी याच महिन्यात कायद्याचं सत्र घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला लिहिलं तर वकील येतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्याला उत्पन्नाची अट नाही, हे सुशिक्षित घरांतही माहीत नसतं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा पत्नीपुरता नाही, घरातल्या आईला, बहिणीलाही त्याचं संरक्षण आहे. १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (पोलीस व इतर तातडीची मदत) हे दोन क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

श्रावण आणि भोंडला

मंगळागौरीच्या खेळांचा सराव श्रावण लागण्याआधी तीन आठवडे सुरू करा. फुगडी, झिम्मा, पिंगा, लाट्या, कोंबडा, गाठोडं, सूप नाचवणं: यातलं काय कोणाला जमतं ते वयाप्रमाणे आणि गुडघ्यांप्रमाणे ठरवा. फुगड्या कोरड्या, न घसरणाऱ्या फरशीवर आणि अनवाणी पायांनी, शेजारच्या जोडीशी दोन हातांचं अंतर ठेवून. साठीच्या पुढच्यांना गाण्याला बसवा, कारण सगळी गाणी त्यांनाच येतात. त्यांच्याकडून ती लिहून घ्या आणि फोनवर आवाज भरून ठेवा. एकाच तालुक्यात एकाच खेळाचे शब्द वेगळे सापडतात.

गणपतीत काही नाही. पितृपक्षात अनेक घरांत समारंभ टाळतात, तेव्हा फक्त कार्यकारिणीने बसावं आणि फराळाची आखणी करावी.

मग नवरात्र. भोंडला पश्चिम महाराष्ट्रात कुठे हादगा म्हणून, विदर्भ-खानदेशात भुलाबाई म्हणून ओळखीचा. बदलीच्या नोकऱ्यांमुळे एका कॉलनीत तिन्हीकडच्या बायका असतात, तेव्हा दर वर्षी एका भागाची पद्धत घ्या, त्यांनाच पुढे करा. पाटावर हत्ती रांगोळीने काढा, फेर धरायला मधे मोकळी जागा ठेवा. खरी गंमत खिरापतीची. प्रत्येक घराने आपली खिरापत झाकून आणायची आणि बाकीच्यांनी ओळखायची. गोड की तिखट, ओली की कोरडी, एवढेच प्रश्न. साठ जणींत साठ डबे नकोत, खूप उरतं. आठ-आठ जणींचे गट करून गटाची एक खिरापत ठेवा. शाळकरी मुली आणि मुलगे दोघांनाही फेरात घ्या.

दिवाळीचा फराळ

मंडळाने ऑर्डरी घेऊन फराळ करायचा असेल तर हिशेब मंडळाच्या वहीत मिसळू नका, वेगळी वही. विक्री करायची म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी हवी, ती ऑनलाइन होते. आगाऊ निम्मी रक्कम घेतल्याशिवाय ऑर्डर लिहू नका. दर ठरवताना डाळ-तेल-गॅसबरोबर बसलेल्या प्रत्येकीच्या तासांचे पैसे धरा. 'घरच्याच तर आहेत' म्हणून बायकांचे तास फुकट धरले, की तो फराळ स्वस्त दिसतो आणि करणारी बाई पुढच्या वर्षी येत नाही. गिरगावात १९५९ मध्ये सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभी राहिली. तिथे प्रत्येक लाटणारी बाई मालकीण होती.

संक्रांत

मकर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचा काळ सगळ्यांच्या सोयीचा. गर्दी याच कार्यक्रमाला सर्वांत जास्त होते, आणि काही जणी घरी बसतात त्याही याच दिवशी. नवरा गेलेली, सोडून दिलेली, लग्न न केलेली. त्यांना 'या हं' म्हणून सांगितलं तरी त्या येत नाहीत, कारण दारातल्या ताटाशी काय होतं ते त्यांना माहीत असतं.

हे बदलणं मंडळाच्या हातात आहे. निमंत्रणावर 'तिळगूळ समारंभ' लिहा, आणि खाली 'सर्व महिलांना'. दारात तिळगूळ, फूल, अत्तर आणि गुलाबपाणी सगळ्यांना एकसारखं. हळदीकुंकवाचा करंडा आत टेबलावर ठेवा, ज्यांना हवं त्यांनी आपल्या हाताने लावून घ्यावं. वाण देताना रांगेत बसल्या क्रमाने द्या. पहिल्या वर्षी निमंत्रणाला जाताना एक वयस्कर, मान असलेली सवाष्ण आणि एक विधवा सभासद मिळून जाऊ द्या. ज्या जुन्या काकूंना हे पटत नाही त्यांच्याशी बैठकीत वाद घालू नका, घरी जाऊन बोला.

यात नवीन असं काही नाही. सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात महिला सेवा मंडळातर्फे जानेवारी १८५२ मध्ये तिळगुळाचा समारंभ केला तेव्हा सर्व जातींच्या स्त्रियांना एकाच जाजमावर बसायचं निमंत्रण होतं. आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते. त्या दिवशी हे दोन्ही वाचून दाखवलं की पंधरा दिवसांवर आलेल्या समारंभाची तयारी होऊन जाते.

वाणासाठी प्लॅस्टिकचे डबे-चाळण्या आणू नका, घरोघरी त्यांचा ढीग आहे. बचत गटाकडून कापडी पिशव्या किंवा मसाले घ्या. यादीपेक्षा दहा-बारा जास्त, कारण ऐनवेळी सभासदांच्या पाहुण्या येतात.

फेब्रुवारी-मार्च

फेब्रुवारीत दहावी-बारावीवाल्या आया कुठेच येत नाहीत. बैठक ठेवा, कार्यक्रम नको. ८ मार्चही परीक्षेच्या धामधुमीत येतो. त्या दिवशी सत्कार-भाषणांऐवजी नुसतं बाहेर पडा: सकाळी फिरायला जाऊन एकत्र नाश्ता, आणि तो कोणीही घरून करून आणायचा नाही.

कुरबुरी

व्हॉट्सअ‍ॅपचे दोन ग्रुप ठेवा. एक सूचनांचा, ज्यात फक्त सचिव आणि अध्यक्ष लिहितात. दुसरा गप्पांचा, ज्याला राहायचं तिने राहावं. तक्रार ग्रुपवर लिहायची नाही, बैठकीत मांडायची. कोणी दुखावली असेल तर दोघींनी तिच्या घरी जायचं, फोनवर भागवायचं नाही. राजकीय पक्षाचा माणूस साड्या किंवा हॉलचं भाडं द्यायला आला तर आभार मानून नको म्हणायचं, असं इतिवृत्तात आधीच लिहून ठेवलेलं बरं.

एखादी घरातल्या मारहाणीचं सांगायला आली तर ते मंडळाच्या बैठकीत आणू नका आणि नवऱ्याला बोलावून पंचायतही भरवू नका. तिने ज्या एकीला सांगितलं तिच्यापाशीच ते राहावं. तिची इच्छा असेल तर कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे, विधी सेवेकडे किंवा पोलिसांकडे जाताना सोबत जावं, तिच्या मुलांना त्या दिवशी आपल्या घरी जेवू घालावं.

वर्षाचा हिशेब आणि सोपवणूक

३१ मार्चला हिशेब बंद करा. मंडळाबाहेरच्या, हिशेबाची सवय असलेल्या एखाद्या बाईकडून किंवा निवृत्त शिक्षकाकडून वह्या तपासून घ्या. नोंदणी असेल तर रीतसर लेखापरीक्षकाकडून. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी सर्वसाधारण सभा. जमाखर्चाचा कागद प्रत्येकीच्या हातात द्या आणि वाचायला दहा मिनिटं गप्प बसा. मग नवीन अंदाजपत्रक, आणि मुदत संपली असेल तर निवड.

पदं बदलली की त्याच आठवड्यात जुन्या आणि नव्या कार्यकारिणीने मंडळाच्या कपाटाशी एकत्र बसायचं. सतरंज्या किती, पातेली किती, डाव-झारे, समई, आवाजाची पेटी, औषधाची पेटी, सगळं मोजून यादीवर दोन्ही बाजूंच्या सह्या. बँकेतल्या सह्या बदलायचा अर्ज, ग्रुपचं अ‍ॅडमिनपद, हॉलवाल्याचा आणि फुलवाल्याचा फोन नंबर, कपाटाच्या दोन्ही किल्ल्या. आणि जुन्या सचिवांनी पुढचे तीन महिने नव्या सचिवांच्या शेजारी बसायचं, लिहायचं मात्र नव्यांनी.